मामा चौकटीत बसवताना

लग्न मामांचं होतं. माझा त्याच्याशी संबंध इतकाच की माझ्या घरी प्रिंटर आहे. प्रिंटर असलेल्या माणसाची गत नातेवाइकांत कंपाउंडरसारखी होते. एरवी कोणी विचारत नाही, पण अडलं की सगळे त्याच्याच दाराशी उभे राहतात आणि औषध लागू पडलं नाही तर त्यालाच बोलतात.

मामा आले तेव्हा हातात एक लांबट पाकीट होतं. बसले नाहीत. माझी बायको पाणी आणायला आत गेली तसे हळूच म्हणाले, "एक टायपिंगचं काम होतं रे. तुझ्या सवडीने कर. पण उद्या कर."

पाकिटात विवाह नोंदणीचा फॉर्म होता. मामांनी तो स्वतः भरून एकदा खिडकीवर दिला होता आणि खिडकीतल्या कारकुनाने तो उजेडाकडे धरून विचारलं होतं, "आजोबा, नातवाच्या हातात दिला होता का हा?" मामांच्या हाताला गेल्या वर्षापासून कंप आहे. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात आणि थंडी वाजते म्हणून सांगतात, उन्हाळ्यातसुद्धा. आम्ही सगळे मान डोलावतो. कारकुनाला एवढं सगळं माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण मामा खिडकीवरून परतले ते सरळ माझ्याकडेच.

ज्यांच्याशी लग्न ठरलं होतं त्या जन्मभर शाळेत भूगोल शिकवत होत्या. सगळी वस्ती त्यांना बाई म्हणते, मामाही बाईच म्हणतात. दोघांची ओळख डोळ्यांच्या दवाखान्यात झाली. दोघांच्याही डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं काही दिसत नाही, आणि डॉक्टर गायब. तासभर गप्पा झाल्या. एकमेकांना न बघता पसंत केलेलं आमच्या घराण्यातलं हे पहिलंच लग्न.

"मग बाईंनाच भरू द्या ना फॉर्म," मी म्हटलं. "त्यांचं अक्षर तर फळ्यावर छापल्यासारखं असायचं."

मामांनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. बोट थोडं इकडेतिकडे झालं, पण सूचना सापडली. प्रत्येकाने आपापला रकाना स्वहस्ते, सुवाच्य अक्षरांत, चौकटीबाहेर न जाता भरावा. अथवा संपूर्ण फॉर्म टंकलिखित असावा. फॉर्म मूळ प्रतच हवा, झेरॉक्स चालणार नाही.

थोडक्यात, सरकारने छापलेल्या कागदावर, सरकारने आखलेल्या चौकटींत, माझ्या प्रिंटरने अचूक नेम धरून मजकूर टाकायचा होता. मी म्हटलं, "दहा मिनिटांचं काम आहे."

हे वाक्य बायकोने पाण्याचा तांब्या आणता आणता ऐकलं. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्यालाही एक अक्षर आहे आणि ते फार सुवाच्य आहे.

आणखी एक गोष्ट होती. मामांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, लांबच्या गावी नोकरी करते. वडिलांनी या वयात लग्न करावं हे तिला पटलेलं नव्हतं. तिने फोनवर एवढंच सांगितलं होतं की शुक्रवारी रजा मिळाली आहे, येईन, पुन्हा मिळणार नाही. तारीख हुकली तर ती पुन्हा येणार नाही हे मामांना कळलं होतं. आणि याला कारण रजा नाही, हेही.

मी फॉर्म स्कॅन केला, त्याचं चित्र कॉम्प्युटरच्या पानावर मागे ठेवलं आणि प्रत्येक चौकटीवर मजकुराचा एक डबा बसवला. तीन रकाने होते: वर, वधू आणि साक्षीदार. साक्षीदार मीच. प्रत्येकाचं नाव, वय, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, पत्ता. खाली काही प्रश्न होते, त्यांना होय किंवा नाही म्हणायचं होतं. नावासाठी एका अक्षराला एक चौकट. इथे पहिला घोळ. मामांच्या नावात दोन जोडाक्षरं आणि एक रफार आहे. जोडाक्षराला चौकट एक की दोन? आणि रफार उच्चाराने आधीच्या चौकटीचा, पण बसतो पुढच्याच्या डोक्यावर. त्याला वेगळी चौकट दिली तर तो खाली बसणार कशावर? फॉर्म तयार करणाऱ्याचं नाव बहुधा 'रमण' किंवा 'कमल' असावं. या विषयावर मी बराच विचार केला आणि मामांनी दोनदा फोन करून विचारलं की दहा मिनिटं झाली का.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे मिलिमीटर आले. निवृत्त इंजिनिअर आहेत. खरं नाव नेमप्लेटवर आहे, पण जिन्याची पायरी किती मिलिमीटर झिजली आहे हे त्यांनी सोसायटीच्या सभेत वाचून दाखवल्यापासून नेमप्लेट कोणी वाचत नाही. स्टीलची पट्टी घेऊनच आले.

"अंदाजाने होणारं काम नाही हे," ते म्हणाले. "आधी साध्या कागदावर काढा. तो फॉर्मवर ठेवा. दोन्ही काचेवर धरा. उजेडात कळेल."

हे खरंच शहाणपणाचं होतं. मी आणि मिलिमीटर हॉलच्या खिडकीच्या काचेवर दोन कागद धरून शेजारी शेजारी उभे राहिलो. समोरच्या इमारतीतल्या काकू आपल्या गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होत्या, त्या थांबल्या. मिलिमीटर म्हणाले, "पत्ता दीड मिलिमीटर खाली." मी पत्ता वर घेतला. मग वय उजवीकडे गेलं. मग वय सरळ केलं तर व्यवसाय सरकला. असं करत करत शेवटी सगळं चौकटीत बसलं. साध्या कागदावर मामांचं लग्न अगदी निर्दोष झालं.

मग खरा फॉर्म ट्रेमध्ये घातला. प्रिंटरने तो सावकाश ओढून घेतला, आत काहीतरी विचार केला आणि बाहेर दिला. सर्व मजकूर अचूक होता, फक्त मागच्या कोऱ्या बाजूवर.

"कागद उलटा घालायचा असतो," मिलिमीटर म्हणाले. आधी का नाही बोललात असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुमचा प्रिंटर आहे. मी कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीतला कारकून बारीक मिशीचा, शांत माणूस होता. कार्यालयाचा नियम असा की एका जोडप्याला एक फॉर्म. दुसरा हवा असेल तर खराब झालेला परत करायचा आणि कारणाचा अर्ज जोडायचा.

"कारण लिहा," तो म्हणाला.

मी लिहिलं, प्रिंटरने मागच्या बाजूवर छापले.

"प्रिंटर म्हणजे कोण? वराकडचे की वधूकडचे?"

"यंत्र आहे."

"यंत्राचं कारण चालत नाही. माणसाचं लिहा."

"काय लिहू?"

"सगळे 'अर्जदाराचा निष्काळजीपणा' लिहितात. त्याला कोणी काही विचारत नाही."

मी लिहिलं. तेवीस वर्षं हिशेबखात्यात एकही शेरा न पडलेल्या माणसाने स्वतःच्या सहीने निष्काळजीपणा कबूल केला आणि त्यावर गोल शिक्का घेतला.

नवा फॉर्म या वेळी मी खूण करून योग्य बाजूने घातला. छापला. वरची नावं अगदी जागेवर. माझा आनंद पत्त्यापर्यंतही टिकला नाही. जसजसं खाली जावं तसतसा मजकूर वर वर सरकत गेला होता. नंतर कळलं की कॉम्प्युटरमध्ये 'कागदात बसेल असे छापा' अशी एक खूण असते आणि ती कोणी न सांगता लावलेली असते. यंत्राने आपल्या मते मदत केली होती, मजकूर थोडा आवळून घेतला होता.

त्या दिवशी बाई आणि मामा नेमके आमच्याकडेच चहाला आले होते. बाईंनी चष्मा लावला आणि पेपर तपासावा तसा फॉर्म हातात घेतला. मधल्या भागात दोन ओळी एकमेकींत शिरल्या होत्या. मामांच्या नावाखाली 'व्यवसाय' या शब्दासमोर 'निवृत्त विधुर' असं दिसत होतं.

"हे मात्र बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

मामा लाजले. मी त्यांना त्यापूर्वी लाजताना पाहिलेलं नव्हतं.

मग बाईंची नजर फॉर्मवर खाली आली. तिथे अख्खी ओळच वर चढली होती. 'दोघांमध्ये निषिद्ध नाते आहे काय' याचं 'नाही' हे उत्तर वरच्या प्रश्नासमोर जाऊन बसलं होतं. वरचा प्रश्न होता, 'दोघांची या विवाहास संमती आहे काय'.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे मी कधी म्हटलं?"

मी समास, प्रमाण आणि यंत्राचा स्वभाव यांवर थोडं बोललो. भूगोलाच्या तासाला उशिरा आलेला मुलगा बोलतो तसं ते झालं असावं, कारण बाई शेवटी म्हणाल्या, "बसा."

मी पुन्हा खिडकीवर गेलो. कारकुनाने मला बघताच कारणाचा कोरा अर्ज पुढे केला. माझ्या निष्काळजीपणाला आता आवक क्रमांक मिळाला होता. त्याने जुना गठ्ठा संपला म्हणून नवा गठ्ठा सोडला आणि वरचा फॉर्म काढून दिला.

मी आता पोळलेलो होतो. 'कागदात बसेल'वाली ती खूण काढली. मिलिमीटरांनी चारही समास मोजून दिले. बायको ट्रेजवळ उभी राहून कागद सरळ जातो का ते बघत होती. फॉर्म बाहेर आला. प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीच्या मधोमध. रफारसुद्धा. मिलिमीटरांनी पट्टी लावली, काढली आणि खिशात ठेवली. त्या माणसाने पट्टी आपण होऊन खिशात ठेवणं म्हणजे काय ते आमच्या इमारतीतल्यांनाच कळेल.

बाईंची आणि मामांची सही खाली वेगळ्या जागी होती. ती दोघांनी केली. मामांच्या सहीला फक्त थोडी लाट आली. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "हा नमुना म्हणून लावायला पाहिजे." त्याने नोटीस काढली. लग्नाच्या आधी नियमाप्रमाणे ती काही दिवस काचेच्या फलकात लावतात, कोणाची हरकत असल्यास त्याने यावं म्हणून. फलकाच्या काचेवर समोरच्या दाराचा उजेड पडतो, त्यामुळे तिथे थांबणारा माणूस केस सारखे करतो आणि पुढे जातो. मीही केले.

शुक्रवारी आम्ही सगळे वेळेआधी पोचलो. मामांनी इस्त्रीचा फिकट निळा शर्ट घातला होता. बाईंनी जांभळट साडी. मिलिमीटर आले होते. मामेबहीण सकाळच्या गाडीने आली होती, तिने बाईंना नमस्कार केला आणि दोन खुर्च्या सोडून बसली. मामा एकदा मुलीकडे आणि एकदा बाईंकडे पाहत होते आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

शिपायाने दार उघडून पुकारा केला. "वर," म्हणून त्याने बाईंचं नाव घेतलं.

बाई सवयीने "हजर" म्हणाल्या.

"वधू," म्हणून त्याने माझं नाव घेतलं.

मी उभा राहिलो. का राहिलो ते मला आजही सांगता येत नाही. नाव पुकारल्यावर उभं राहायचं हे अंगवळणी पडलेलं असतं.

"साक्षीदार," शिपाई म्हणाला, आणि मामांचं नाव आलं.

आम्ही तिघे उभे. शिपायाने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागदाकडे पाहिलं. माझ्या बायकोने पर्स मांडीवरून उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

झालं होतं ते असं. नव्या गठ्ठ्यातला फॉर्म सुधारित होता. आकार तोच, चौकटी त्याच, ओळी त्याच. फक्त कोणाला तरी साक्षीदार आधी असावा असं वाटलं होतं, म्हणून पहिला रकाना त्याला दिला होता आणि वर-वधू एकेक घर उजवीकडे सरकवले होते. डोक्यावरची अक्षरं मुंगीएवढी. आम्ही चारही समास मोजले होते, मथळा कोणी वाचला नव्हता.

नोंदणी अधिकारी या एक ठेंगण्या, थकलेल्या डोळ्यांच्या मॅडम होत्या. त्यांनी खिडकीतल्या कारकुनाला बोलावून घेतलं. "वधूचं वय चोपन्न, व्यवसाय हिशेबनीस, वैवाहिक स्थिती विवाहित. तुम्हाला काही वाटलं नाही?"

"मॅडम, मी चौकटी बघतो," कारकून म्हणाला. "चौकटी अप्रतिम होत्या."

मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं. लागलेली नोटीस त्या स्वतः मागे घेऊ शकत नाहीत. कोणी हरकत घेतली तर ती रद्द होते. नावं तीच असल्याने दुरुस्तीचा फॉर्म आज जेवणाच्या सुट्टीआधी आला तर जुनीच तारीख धरता येईल. नंतर आला तर नवी नोटीस, नवे दिवस.

मामांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने घड्याळाकडे.

"हरकत कोण घेणार?" मॅडमनी विचारलं.

"मी," माझी बायको म्हणाली.

हरकतीचाही छापील फॉर्म असतो. तिने तो टेबलावर ठेवला, पर्समधून बॉलपेन काढलं आणि मी चष्मा शोधेपर्यंत भरून टाकला. हरकत घेणाऱ्याचे वधूशी नाते: पत्नी. हरकतीचे कारण: वधू माझे पती आहेत. सगळं चौकटीत. एक खाडाखोड नाही. पुरावा म्हणून आमच्या लग्नाची नोंद याच कार्यालयात आहे असं तिने सांगितलं. कोणत्या वर्षी, असं मॅडमनी मला विचारलं. मी सांगितलं. बायकोने दुसरं वर्ष सांगितलं. शिपाई तिच्या वर्षाचं रजिस्टर घेऊन आला आणि त्यात आम्ही सापडलो.

नोटीस रद्द झाली. आता दुरुस्तीचा फॉर्म. मी उठून म्हटलं, "मी घरी जाऊन पटकन प्रिंट..." पुढचं मला बोलू दिलं गेलं नाही. बायको, मामेबहीण, मिलिमीटर आणि कारकून या चौघांनी एकदम "नको" म्हटलं. मिलिमीटरांचं 'नको' मला जरा लागलं.

बाईंनी आपला रकाना भरला. साक्षीदाराचा मी भरला, माझ्या हातानेच, आणि मला खाली बसायला सांगण्यात आलं. मग फॉर्म मामांसमोर आला.

मामांनी हात मांडीखालून काढले. पेन घेतलं. पेनाचं टोक कागदावर पोचण्याआधी हवेतच थोडं लिहीत राहिलं. खोलीत पंख्याचा आवाज होता. मामेबहीण दोन खुर्च्यांवरून बघत होती. आठवड्यातून एकदा फोनवर बोलणाऱ्या मुलीला वडिलांचा हात दिसत नाही. तिला तो तेव्हा पहिल्यांदा दिसला. "हे कधीपासून?" असं तिने माझ्याकडे बघून ओठांनीच विचारलं. मी हाताने, बरेच दिवस, असं दाखवलं.

बाईंनी मामांचा हात धरला नाही. त्यांनी आपला तळवा कागदावर ठेवला, कागद हलू नये म्हणून. आणि वर्गात शुद्धलेखन घालावं तशा आवाजात म्हणाल्या, "नाव. घाई नाही."

मामा लिहू लागले. पहिलं अक्षर चौकटीच्या बाहेर आलं. दुसरं आत राहिलं. जोडाक्षर दोन चौकटींवर आडवं पसरलं. रफारापाशी मामा थांबले. बाई म्हणाल्या, "तो कुठेही द्या. वाचणाऱ्याला कळतो." मामांनी तो दिला. तो जरा लांब जाऊन पडला, पण त्याच अक्षराचा आहे हे दिसत होतं.

'पत्ता' येईपर्यंत मामेबहीण उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. "बाबा, सावकाश," ती म्हणाली. "मी रात्रीच्या गाडीने जाणार आहे." आमच्या माहितीप्रमाणे तिचं तिकीट दुपारचं होतं.

फॉर्म पूर्ण झाला तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने तो उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "मॅडम, चौकटीबाहेर आहे. सुवाच्य म्हणता येणार नाही."

मॅडमनी फॉर्म त्याच्या हातातून घेतला. चष्मा पुसला. आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मामांचं नाव, जोडाक्षरं आणि रफारासकट. वय. व्यवसाय, निवृत्त. वैवाहिक स्थिती, विधुर. पत्ता, गल्लीच्या नावासकट. कुठे अडल्या नाहीत. मामा प्रत्येक शब्दाला मान हलवत होते, जणू काही दुसऱ्या कोणाबद्दल चाललं आहे आणि तो माणूस त्यांना आवडला आहे.

"सुवाच्य म्हणजे मला वाचता आलं पाहिजे," मॅडम कारकुनाला म्हणाल्या. "आलं." आणि शिक्का मारला.

सुट्टीची घंटा होण्याआधी लग्न लागलं. दुसरा साक्षीदार लागतो म्हटल्यावर मिलिमीटर पुढे सरसावले, पण मामेबहिणीने पेन आधी घेतलं. बाहेर पायऱ्यांवर मामांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. थंडी वाजते असं ते म्हणाले नाहीत. कोणी विचारलंही नाही.

दोन आठवड्यांनी माझ्या नावे कार्यालयाचं पाकीट आलं. मी उघडलं, वाचलं आणि बायकोकडे दिलं. तिने गॅस बारीक केला आणि ओट्याशी उभी राहून मोठ्याने वाचलं. आपल्या नियोजित विवाहावर हरकत प्राप्त झाली असून, वधू आधीच विवाहित असल्याचे वधूने स्वतःच नमूद केले असल्याने, आपला विवाह नामंजूर करण्यात येत आहे.

तिने पत्र घडी घालून परत दिलं.

"वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "चहा टाकते."